वसाहतकाळातला अमेरिकन पूर्वज कसा शोधायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सून किंवा जावई अमेरिकन असलेल्या मराठी घरांत हा विषय हल्ली वरचेवर निघतो. नातवंडांची एक बाजू वंशावळीवरून, कुलवृत्तांतावरून किंवा आत्याबाईंच्या तोंडून भरून निघते. दुसऱ्या बाजूला मात्र "आमचे लोक क्रांतीच्या आधीच अमेरिकेत आले होते" एवढं एकच वाक्य असतं. ते वाक्य कागदावर कसं सिद्ध करायचं, याबद्दल लोक जे विचारतात त्याची ही उत्तरं.

वसाहतकाळ म्हणजे नेमका कोणता काळ?

इंग्रजांची पहिली टिकलेली वस्ती व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनची, १६०७ ची. तिथपासून १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापर्यंतचा काळ साधारणपणे वसाहतकाळ धरतात. इंग्रज वसाहतकऱ्यांचं मेफ्लॉवर जहाज १६२० मध्ये प्लिमथला (आजच्या मॅसॅच्युसेट्समध्ये) लागलं. हडसन नदीकाठी डचांची वसाहत होती, ती १६६४ मध्ये इंग्रजांनी घेतली. पूर्वज कुठल्या वसाहतीत राहत होता, हा या शोधातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. कागद कुठले मिळतील, हे त्यावरच ठरतं.

सुरुवात मेफ्लॉवरपासून करायची की स्वतःपासून?

स्वतःपासून. एका वेळी एकच पिढी मागे जायचं आणि प्रत्येक पिढीला "हा याचा मुलगा" किंवा "ही याची मुलगी" असं सांगणारा कागद हवा. १८५० च्या जनगणनेत पहिल्यांदा घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिलं गेलं, पण त्यातही नातं लिहिलेलं नाही. ते १८८० पासून येतं. त्याआधीच्या १७९० ते १८४० च्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांची नुसती संख्या आहे. १८९० ची बहुतेक पानं १९२१ च्या आगीमुळे गेली. म्हणजे १८५० पर्यंतचा रस्ता बऱ्यापैकी सोपा, आणि खरा कस लागतो तो १७८० ते १८५० या टप्प्यात. याच काळात लोक पश्चिमेकडे सरकत होते, गावं नवी होती, नोंदी ठेवणारं कोणी नव्हतं. बहुतेकांचा शोध अडतो तो इथे. त्यामुळे सतराव्या शतकाची घाई करू नका.

आडनाव तेच आहे, मुलांची नावंही तीच. एवढं पुरत नाही का?

नाही. याचं सर्वांत चांगलं उदाहरण खुद्द अब्राहम लिंकनच्या घरातलं आहे. १८५९ मध्ये लिहिलेल्या छोट्या आत्मवृत्तात लिंकन सांगतो, की आजोबा व्हर्जिनियाच्या रॉकिंगहॅम काऊंटीतून (काऊंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) केंटकीला गेले आणि त्यांचे पूर्वज पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काऊंटीतले. न्यू इंग्लंडमधल्या (म्हणजे मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट वगैरे ईशान्येकडच्या भागातल्या) लिंकन घराण्याशी नातं जुळतं का, हे पाहण्याचा प्रयत्न झाला. पण दोन्हीकडे इनॉक, लेव्हाय, मॉर्डेकाय, सॉलोमन अशी सारखी नावं आहेत, यापलीकडे काही हाती लागलं नाही, असं तो स्वतः लिहितो. देशाचा अध्यक्ष होऊ घातलेल्या माणसाला आपला खापरपणजोबा नक्की सांगता येत नव्हता, आणि तरीही त्याने नुसत्या नावांवरून नातं जोडलं नाही. मला त्याचा हा काटेकोरपणा फार मोलाचा वाटतो.

पुढे संशोधकांनी ते नातं सिद्ध केलं, ते मृत्युपत्रं आणि जमिनीचे दस्त लावून. १६३७ मध्ये इंग्लंडच्या नॉरफकमधल्या हिंगमहून सॅम्युअल लिंकन हा विणकराकडे शिकणारा पोरगा मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगमला आला. त्याचा मुलगा मॉर्डेकाय. या मॉर्डेकायने आपल्या मृत्युपत्रात मॉर्डेकाय आणि अब्राहम या थोरल्या मुलांना रोख रक्कम ठेवली. हे दोघे तोवर न्यू जर्सीकडे निघून गेले होते. हा मुलगा मॉर्डेकाय पुढे पेनसिल्व्हेनियात गेला आणि १७३६ मध्ये वारला. त्याच्या मृत्युपत्रात जॉन नावाच्या मुलाला न्यू जर्सीतली ३०० एकर जमीन दिलेली आहे. हाच जॉन १७६८ च्या सुमारास व्हर्जिनियात गेला, आणि अध्यक्ष लिंकन त्याचा पणतू.

पेनसिल्व्हेनियातल्या माणसाची जमीन न्यू जर्सीत का, या एका प्रश्नाने दोन वसाहती जोडल्या गेल्या. तुमच्या शोधातही असाच एखादा, वरवर पाहता बिनमहत्त्वाचा तपशील नातं उघड करतो. म्हणून मृत्युपत्राचा सारांश वाचून थांबू नका, मूळ कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

काऊंटीच्या कचेरीत काहीच मिळालं नाही. आता?

त्या वर्षी ती काऊंटी होती का, ते आधी बघा. लिंकनचंच पुढे चालवू. "बर्क्स काऊंटी" असं घरात सांगत आले, पण बर्क्स १७५२ मध्ये झाली. १७३६ चं मृत्युपत्र शोधायचं तर फिलाडेल्फियाच्या दप्तरात जावं लागतं. जॉन व्हर्जिनियात गेला तेव्हा त्याची जमीन ऑगस्टा काऊंटीत होती. रॉकिंगहॅम तिच्यातून १७७८ मध्ये वेगळी झाली. माणूस जागचा हलला नाही, पण त्याचे कागद दोन कचेऱ्यांत विभागले गेले. जमीन धरून ठेवा आणि ती कोणकोणत्या वर्षी कुठल्या हद्दीत होती याचा तक्ता करा. या एका कामाने खूप वेळ वाचतो.

दुसरं कारण म्हणजे आग. यादवी युद्धात रॉकिंगहॅमचे बरेचसे दप्तर १८६४ मध्ये जळालं. व्हर्जिनियाच्या कित्येक काऊंट्यांनी आपल्या वह्या सुरक्षित राहाव्यात म्हणून रिचमंडला पाठवल्या होत्या, त्या एप्रिल १८६५ च्या आगीत गेल्या. अशा ठिकाणी शेजारच्या काऊंटीतले दस्त, राज्याकडे गेलेल्या करयाद्या आणि मूळ जमीनपट्टे उपयोगी पडतात. हे पट्टे रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाकडे आहेत आणि घरबसल्या पाहता येतात.

त्या काळचा जन्मदाखला मिळतो का?

आपल्याला अभिप्रेत असलेला सरकारी दाखला मिळत नाही. पण प्रत्येक वसाहतीची रीत वेगळी होती.

न्यू इंग्लंडमध्ये गावाचा कारकून जन्म, लग्न, मृत्यू वहीत लिहून ठेवी. मॅसॅच्युसेट्समधल्या बऱ्याच गावांच्या १८५० पर्यंतच्या नोंदी छापून निघाल्या आहेत; कनेक्टिकटसाठी बार्बर संग्रह आहे. पूर्वज तिथला असेल तर तुम्ही नशीबवान. तरीही छापील नोंद ही नक्कल आहे, हे ध्यानात ठेवा. मूळ वहीत एका आईबापांची सगळी मुलं ओळीने, एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईने लिहिलेली दिसली, तर ती नोंद जन्माच्या वेळची नाही. पुढे कधीतरी कारकुनाने एकदम लिहून घेतलेली आहे. छापील पुस्तकात नावं वर्णानुक्रमाने लावलेली असल्यामुळे हे कळतच नाही.

व्हर्जिनियात आणि दक्षिणेत अँग्लिकन चर्चच्या वह्यांवर भिस्त, आणि त्यांतल्या थोड्याच उरल्या. तिथे जमीन, कर आणि कोर्टाचे आदेश यांवरूनच घर उभं करावं लागतं.

पेनसिल्व्हेनियातले क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचे लोक बाप्तिस्मा देत नसत, पण त्यांच्या मासिक सभेच्या वह्या अतिशय नेटक्या आहेत. लग्नाच्या कागदावर हजर असलेल्या साऱ्यांच्या सह्या असतात. कुटुंब दुसऱ्या गावी गेलं तर एका सभेने दुसरीला दिलेलं प्रमाणपत्रही सापडतं. समाजाबाहेर लग्न केलं म्हणून काढून टाकलेल्यांचीही नोंद आहे.

न्यूयॉर्कच्या डच चर्चच्या वह्या १६३९ पासूनच्या आहेत आणि त्यांत एक मोठी सोय आहे: बायकांची नावं माहेरची लिहिली जात. मुलाच्या बाप्तिस्म्याला उभे राहिलेले साक्षीदार बहुधा आजीआजोबा, काका, मावशी असत. मात्र सुरुवातीच्या डचांत पक्कं आडनाव कमी आणि बापाचं नाव लावण्याची चाल जास्त. आपल्याकडच्या मधल्या नावासारखंच हे. त्यामुळे यानचा मुलगा पीटर, 'यान्सन' आणि पीटरचा मुलगा 'पीटर्सन'. आडनाव धरून शोधलंत तर दोन पिढ्यांत रस्ता चुकाल.

जहाजाच्या यादीत नाव का सापडत नाही?

कारण बहुतेकदा यादीच नाही. उतारूंच्या याद्या देण्याची सक्ती करणारा अमेरिकन कायदा १८१९ चा, त्या याद्या १८२० पासून सुरू होतात. ठळक अपवाद फिलाडेल्फियाला उतरलेल्या जर्मन पुरुषांचा. १७२७ पासून त्यांच्याकडून राजनिष्ठेची शपथ घेतली जाई आणि त्या याद्या टिकल्या आहेत. बाकीच्यांसाठी "अमुक वर्षी तो इथे होता" असं सांगणारा पहिला कागद मिळाला की समाधान मानावं. आणि नाव एलिस आयलंडवर (न्यूयॉर्कच्या बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावर) बदललं, असं घरात सांगत असतील, तर ते केंद्र १८९२ मध्ये उघडलं. वसाहतकाळाशी त्याचा संबंध नाही.

एकाच तारखेला दोन वर्षं का लिहिलेली असतात?

१७५२ पर्यंत इंग्रजी वसाहतींत कायद्याने वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जानेवारी ते २४ मार्च या दिवसांना १७३५/३६ असं जोडवर्ष लिहीत. दोन्ही आकडे जसेच्या तसे उतरवून घ्या. क्वेकर वह्यांत महिन्यांना क्रमांक आहेत, आणि १७५२ च्या आधीचा 'पहिला महिना' म्हणजे मार्च. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म त्या वेळच्या हिशेबाने ११ फेब्रुवारी १७३१/३२ चा, आज आपण २२ फेब्रुवारी १७३२ म्हणतो. हे न कळल्यामुळे लग्नाआधी मूल झालं, किंवा आई वारल्यावर मूल जन्मलं असे निष्कर्ष काढून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

सीनियर आणि ज्युनियर म्हणजे बापलेकच ना?

तसं धरून चालू नका. एका गावात एकाच नावाचे दोघे असले की वयाने मोठा तो सीनियर आणि लहान तो ज्युनियर. ते काकापुतणे असतील, नाहीतर एकमेकांचे कोणी नसतील. सीनियर वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर होतो. कझिन हा शब्द पुतण्या, भाचा कोणालाही वापरत आणि सन-इन-लॉ म्हणजे कधीकधी सावत्र मुलगा. मृत्युपत्रातलं नातं या समजुतीने वाचा.

जमिनीच्या दस्तांत मुलाचं नाव का येत नाही?

मृत्युपत्र नसेल तर व्हर्जिनियात जमीन थोरल्या मुलाला आपोआप जाई, दस्त व्हायचंच कारण नव्हतं. लिंकनचे आजोबा १७८६ मध्ये मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारले गेले. केंटकी तेव्हा व्हर्जिनियातच होतं. थोरल्याचा हक्क रद्द करणारा कायदा झाला होता, पण अजून अमलात यायचा होता. जमीन त्यांचा थोरला मुलगा मॉर्डेकाय याला गेली आणि धाकटा थॉमस, म्हणजे अध्यक्षांचा बाप, रिकाम्या हाती राहिला. अशा वेळी एक सोपी युक्ती आहे: बापाने घेतलेली जमीन पुढे कोण विकतोय, ते बघा. घेतल्याचा दस्त नसलेला विकणारा बहुधा वारस असतो.

बायकांचा माग कसा काढायचा?

इंग्रजी वसाहतींत लग्न झालं की बाईचं माहेरचं नाव कागदांतून पुसलं जातं आणि तिच्या नावावर मालमत्ता क्वचितच राहते. तरी तीन ठिकाणी ती भेटते. एक, बापाच्या मृत्युपत्रात लेकीचं सासरचं आडनाव येतं. दोन, नवऱ्याने जमीन विकली तर तिचा विधवा म्हणून असलेला हक्क सोडल्याची कबुली तिच्याकडून घेतली जाई. त्या दिवशी ती जिवंत होती याचा तो पुरावा. तीन, नवऱ्याच्या मालमत्तेच्या वाटणीत जामीन राहिलेली माणसं. ती बहुतेकदा तिचे भाऊ किंवा बाप निघतात.

आणि क्रांतियुद्धाच्या पेन्शनच्या फायली. १८३२ च्या कायद्यानंतर म्हाताऱ्या सैनिकांनी कोर्टात शपथेवर आपली हकिगत सांगितली: जन्म कुठला, कोणाच्या हाताखाली, कुठे लढलो. १८३६ पासून विधवांसाठीचे नियम सैल झाले तेव्हा लग्नाचा पुरावा द्यावा लागे. लग्नाची नोंद कुठेच नसलेल्या बायकांनी घरच्या बायबलमधलं मुलाबाळांच्या जन्मतारखांचं पान फाडून अर्जाला जोडलं. त्यांतली काही पानं आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या फायलींत आहेत. घडी पडलेली, कडेला फाटल्याची खूण असलेली. वर नवराबायकोचं नाव, खाली वेगवेगळ्या शाईत एकेक मूल, आणि काही नावांपुढे लगेचच मृत्यूची तारीख. त्या बाईचं नाव सांगणारा जगातला हा बहुधा एकमेव कागद असतो. पूर्वज लढला असण्याची थोडीही शक्यता असेल तर ही फाईल आधी काढा. नुसता पहिला कागद नव्हे, पूर्ण फाईल.

पूर्वज गुलाम असतील तर?

काम अवघड आहे, पण सोडून देऊ नका. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं व्हर्जिनियात १६१९ मध्ये उतरवली गेली. १६६२ च्या व्हर्जिनियाच्या कायद्याने आई गुलाम तर मूल गुलाम असं ठरलं. म्हणून इथे आईकडची साखळी धरावी लागते. मुक्त झालेल्या बहुतेकांची नावं १८७० च्या जनगणनेत पहिल्यांदा येतात; १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या तक्त्यांत मालकाचं नाव आहे, गुलामाचं फक्त वय, लिंग आणि वर्ण. १८७० पासून मागे जाताना मालकाचं कुटुंब ओळखावं लागतं आणि मग त्याच्या मृत्युपत्रात, मालमत्तेच्या यादीत शोधावं लागतं. त्या यादीत बैल, भांडी आणि पलंगांच्या मधोमध माणसांची नावं असतात आणि पुढे किंमत. ते वाचताना पोटात कालवतं. पण आई आणि तिचं लेकरू एका ओळीत लिहिलेलं असेल, तर तोच तुमचा पुरावा. मालकाच्या वंशजांना माझी कळकळीची विनंती आहे: घरातल्या जुन्या कागदांत अशी नावं सापडली तर ती लपवू नका, कोणीतरी ती शोधत असतं.

इंटरनेटवर तयार वंशवृक्ष मिळाला, थेट राजघराण्यापर्यंत जाणारा. वापरू का?

सुगावा म्हणून जरूर वापरा, पुरावा म्हणून नको. एकाने चूक केली की शेकडो जण ती उतरवतात आणि संख्येमुळे ती खरी वाटू लागते. छापील पुस्तकांतही भामटेगिरी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुस्ताव्ह अंजू नावाच्या माणसाने श्रीमंत अमेरिकनांना पैसे घेऊन खोट्या वंशावळी करून दिल्या, त्या अजूनही ग्रंथालयांत आहेत. "तीन भाऊ जहाजातून आले, एक उत्तरेला गेला, एक दक्षिणेला आणि एक पश्चिमेला" ही कथा दिसली की सावध व्हा.

विश्वासाची कामंही आहेत. १६२० ते १६४० मध्ये सुमारे २०,००० लोक न्यू इंग्लंडला आले. १६३५ पर्यंत आलेल्यांचा एकेक करून अभ्यास रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांच्या ग्रेट मायग्रेशन प्रकल्पाने छापला आहे. मेफ्लॉवरच्या वंशजांच्या संस्थेने पहिल्या पाच पिढ्यांचे कागदोपत्री तपासलेले खंड काढले आहेत. तुमचा धागा तिथवर पोचला तर पुढचं काम झालेलंच असतं.

डीएनए चाचणीने प्रश्न सुटेल का?

एकट्याने नाही. दहा पिढ्यांमागे १,०२४ पूर्वज होतात आणि त्यांतल्या कित्येकांचा एक तुकडाही तुमच्यात उतरलेला नसतो. नेहमीची चाचणी पाच-सहा पिढ्यांपर्यंत नीट कामी येते. त्यामागे बाप-मुलगा अशी चालणारी वाय-डीएनए किंवा आईकडून येणारी मायटोकॉन्ड्रियल चाचणी लागते, आणि तीही ठरावीक प्रश्न असेल तरच. लिंकनची आई नॅन्सी हँक्स कोणाची मुलगी, यावर शंभराहून अधिक वर्षं वाद होता. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या मायटोकॉन्ड्रियल तपासणीने ती ल्यूसी हँक्सची मुलगी असल्याला पाठबळ मिळालं. तिथेही आधी कागदांवरून बायकांच्या साखळ्या लावाव्या लागल्या, मगच कोणाची चाचणी करायची ते कळलं.

महाराष्ट्रातल्या इतिहासाशी याचा काही संबंध येतो का?

येतो. अमेरिकन मराठी मिशनची पहिली माणसं १८१३ मध्ये मुंबईला उतरली आणि १८३१ मध्ये अहमदनगरचं ठाणं झालं. ही बहुतेक मंडळी न्यू इंग्लंडच्या जुन्या घरांतली. जोतीराव फुल्यांनी जिची नगरची मुलींची शाळा पाहिली ती सिंथिया फरार १७९५ मध्ये न्यू हॅम्पशरमधल्या मार्लबरोत जन्मली, १८२७ मध्ये मुंबईला आली आणि १८६२ मध्ये नगरलाच वारली. तिच्यासारख्यांची पत्रं आणि अहवाल हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात ठेवलेल्या मिशनच्या दप्तरात आहेत. आपल्याकडे शिक्षणाच्या इतिहासावर काम करणाऱ्यांनी या लोकांच्या गावांच्या नोंदी आणि घरची मृत्युपत्रं पाहिली, तर ही माणसं कुठल्या परिस्थितीतून आली ते जास्त स्पष्ट होईल.

उलट दिशेचा धागाही आहे. व्हर्जिनियात माणूस आणणाऱ्याला माणशी ५० एकर जमीन मिळे. १६३५ च्या अशा एका यादीत 'टोनी, ईस्ट इंडियन' अशी नोंद आहे. तो हिंदुस्थानातल्या कुठल्या भागातला, हे त्यावरून सांगता येत नाही. त्याला आपल्या प्रांताचा ठरवायचा मोह टाळावा.

भारतात बसून हे सगळं जमेल? खर्च किती?

बरंचसं जमेल आणि फुकट जमेल. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर खातं उघडायला पैसे पडत नाहीत. तिथे मृत्युपत्रांच्या आणि दस्तांच्या लाखो पानांच्या प्रतिमा आहेत. २०२४ पासून हस्तलिखित पानांच्या आतल्या मजकुरात शोधायची सोय झाली आहे. त्याआधी साक्षीदार म्हणून किंवा शेजारची हद्द म्हणून आलेलं नाव शोधायला पानन् पान चाळावं लागे. यंत्राने वाचलेल्या मजकुरात चुका असतात, तेव्हा आडनाव चार-पाच प्रकारे लिहून पाहा आणि प्रतिमा स्वतः वाचा. १८४५ मध्ये स्थापन झालेल्या बोस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटीचा संग्रह मोठा आहे. त्यातला बराचसा भाग वर्गणीदारांसाठी आहे. पूर्वज न्यू इंग्लंडचा असेल तरच ती वर्गणी भरा.

पहिल्या दिवशी एवढंच करा: अमेरिकन व्याह्यांना किंवा विहीणबाईंना फोन लावून त्यांच्या आजीआजोबांची पूर्ण नावं, जन्मगावं आणि दफनभूमी विचारा. घरी जुनं बायबल असेल तर जन्ममृत्यूच्या नोंदींच्या पानांसोबत त्याच्या मुखपृष्ठामागच्या पानाचाही फोटो मागवा. छपाईचं वर्ष तिथे असतं. छपाई १८४० ची आणि जन्मतारखा १७६० पासूनच्या असतील, तर त्या कोणीतरी नंतर, आठवणीने लिहिलेल्या आहेत.